नावाच्या जागी रेघ

काही लोकांना भाजीत मीठ कमी पडलं की राग येतो, काहींना कुणी मधेच रांगेत घुसलं की. मला इंग्रजी पाटीवर चुकीच्या जागी अपॉस्ट्रॉफी दिसला की डोकं फिरतं. ऊर्जानगर या वीज केंद्राच्या कॉलनीतल्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे तेव्हा पोरं माझ्या मागे मला 'टिंबवाली बाई' म्हणत. खरं नाव सत्यशीला खोब्रागडे, पण एवढं लांब नाव घ्यायला पोरांना वेळ कुठे असतो. आणि टिंबावरून मी किती जणांना बाकावर उभं केलं होतं ते आठवलं की वाटतं, पोरांचं काही चुकत नव्हतं.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. शाळा सुटल्यावर चार ते पाच मी कॉलनीच्या हॉलच्या व्हरांड्यात बायांचा इंग्रजीचा वर्ग घ्यायचे, फुकट. फुकटचा असूनही तिघीच यायच्या. रेस्ट हाऊसमध्ये स्वयंपाक करणारी शकुबाई, दवाखान्यातली आया सुगंधाबाई आणि अंजनाबाई. पहिल्या दोघी हौसेनं यायच्या. साहेबांच्या बायका आपल्यासमोर इंग्रजीत काय बोलतात ते त्यांना एकदा कळून घ्यायचं होतं.

अंजनाबाईचं तसं नव्हतं. तिचा नवरा वीज केंद्रात फिटर होता. दीड वर्षापूर्वी कामावरच छातीत कळ येऊन गेला. तिला स्टोअरमध्ये झाडझूड आणि पाणी भरायचं तात्पुरतं काम मिळालं होतं. आता तिथली अटेंडंटची पक्की जागा भरायची होती. स्टोअरचे पिल्लई साहेब केरळचे, मराठी कामापुरतं. त्यांनी तिला साफ सांगितलं होतं, कुणाचं सामान कोणतं हे इंग्रजीत वाचता, सांगता आणि लिहिता आलं तर जागा तुझी. फेब्रुवारीत तोंडी परीक्षा. पास झाली तर नोकरी पक्की आणि क्वार्टर कायम. नाही तर एकतीस मार्चला क्वार्टर खाली करून वडशाच्या पलीकडे दिराच्या गावी. त्या गावात शाळा चौथीपर्यंत. अंजनाबाईची कमळा माझ्याच वर्गात आठवीत होती, इंग्रजीत पहिली. आई पास झाली तरच पोरगी नववीत बसणार होती.

म्हणून मी व्याकरणाचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि नेमकं लागणारं तेवढंच धरलं. म्हटलं, आपल्या मराठीत चा, ची, चे, च्या अशी चार भावंडं. इंग्रजीत एकटा एस. मालकाच्या नावामागे एस लावायचा आणि त्या एसच्या आधी वर एक टिंब द्यायचं. झालं काम.

"म्हंजे नाकातला खडा जी," शकुबाई म्हणाली.

मला ते फार आवडलं. त्या दिवसापासून अपॉस्ट्रॉफीचा खडा झाला. मालक एक असला तर खडा एसच्या आधी. मालक पुष्कळ असले तर आधी एस, मग खडा. आणि नुसत्याच वस्तू पुष्कळ असतील, त्या कशाच्याच मालक नसतील, तर एस येईल पण खडा येणार नाही.

"उगाच कोनाच्याही नाकात खडा घालाचा नाई," सुगंधाबाईनं नियम सांगून टाकला. पाचवीच्या पोरांना दोन वर्षं घसा फोडून जे मी शिकवू शकले नव्हते, ते या बायांनी एका आठवड्यात पाठ केलं.

परीक्षेत काय विचारतील याचा अंदाज घ्यायला मी एक दिवस स्टोअरमध्ये गेले आणि माझं डोकं फिरलं. भिंतीभर लाकडी फळ्या, प्रत्येक फळीवर पिवळ्या ऑइलपेंटनं नाव. अक्षरं मोठी, गोल, मागे काळी सावली दिलेली. आणि जिथे म्हणून एस, तिथे खडा. बोल्टच्या नाकात, पाइपच्या नाकात, हातमोज्यांच्या नाकात, वॉशरच्यासुद्धा. एकाचीही कशावर मालकी नाही आणि सगळे नटलेले. मी ती सगळी नावं वहीत उतरवून आणली, दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिली आणि म्हटलं, "चुका शोधा. हे कोण्या गाढवानं रंगवलं देव जाणे. ब्रश हातात देण्याआधी त्याला चार दिवस शाळेत बसवायला पाहिजे होतं."

कुणी हसलं नाही. शकुबाई पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. अंजनाबाईनं खाली मान घातली आणि एकेक खडा खोडू लागली. सगळे बरोबर खोडले. मी शाबास म्हटलं.

मग घरचा अभ्यास दिला. आपल्या घरातली, शेजारची माणसं घ्या, त्यांची वस्तू घ्या, दहा वाक्यं लिहा. अंजनाबाईची वही दुसऱ्या दिवशी बघितली. कमळाचं पुस्तक, शकुबाईची शेळी, सुगंधाबाईची छत्री. सात वाक्यं चोख, खडे जागच्या जागी. पुढच्या तीन वाक्यांत मात्र मालकाचं नावच नाही. नावाच्या जागी एक रेघ, रेघेपुढे खडा, मग एस. रेघेची सायकल. रेघेची पेटी, म्हणजे वाजवायची. रेघेचा डबा.

मला वाटलं, कंटाळा केला. दहा दिवसांवर परीक्षा आणि हिला कंटाळा. मी तिन्ही वाक्यांवर लाल काट मारली आणि सगळ्यांसमोर वही उंच धरली. "अंजनाबाई, रेघेची कधी सायकल असते का? नाव टाकायला काय झालं होतं? परीक्षेत साहेबांना रेघ वाचून दाखवणार आहेस?"

"नाई जी," ती म्हणाली. वही घेतली, पदर सारखा केला आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर शकुबाई मागे थांबली. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, आणि त्या दिवशी ती तशीच बोलली. "बाई, तुमी एवढ्या शिकेल असून तुमाले समजलं कसं नाई जी? ती मालकाचं नाव नाई घेत. लिवत बी नाई. अन् तुमी गाढव म्हनलं ना, त्या फळ्या तिच्या मालकानंच, श्रावणनं रंगवल्या होत्या. पयले तो वडशाच्या नाटक कंपनीत पडदे रंगवे. स्टोअरात कोनी रंगवनारा नव्हता, तं साहेबानं त्याले सांगतलं. इंग्रजी कुठी येत होतं त्याले? शोभून दिसते म्हनून देल्ले त्यानं ते खडे."

मला आधी राग आला तो नाव न घेण्याच्या रिवाजाचा. आमच्या घरी बाबांनी छप्पन साली सगळे गंडेदोरे वैनगंगेत सोडले होते, अशा गोष्टींची मला लहानपणापासून चीड. मग आठवलं, माझी आईसुद्धा बाबांना मरेपर्यंत 'सत्यशीलाचे बाबा' म्हणत होती. आणि मग राग आला तो स्वतःचा. मेलेल्या माणसाला त्याच्या बायकोसमोर मी गाढव म्हटलं होतं आणि तिनं त्याच्या चुका माझ्यासमोर खोडून दाखवल्या होत्या.

मी तशीच तिच्या क्वार्टरला गेले. दोरीवरचे कपडे काढून ती एकेक झटकत होती. केंद्राच्या चिमणीची राख आमच्या कॉलनीत धुतल्या कपड्यांवर बसतेच. मला बघून तिनं लगबगीनं सतरंजी टाकली, चहा ठेवला. मी माफी मागितली. मला माफी मागायची सवय नाही, त्यामुळे ती जरा वाकडीतिकडीच मागितली गेली.

"तुमचं काय चुकलं जी," ती म्हणाली. "चूक तं चूकच आहे. तुमी शिकवल्यावर मले बी दिसली." मग थोडी हसली. "मले इंग्रजी काऊन आवडलं, सांगू का? त्याईचं नाव म्हंजे आखाडानंतरचा महिना. मले तो महिना बी बोलता नाई ये. आखाड झाला का मी सीधी पोळ्यावर जाओ. तुमी ऑगस्ट शिकवला तवा मले मोकळं वाटलं."

मी समजावणीच्या सुरात आले. म्हटलं, अंजनाबाई, नवऱ्याचं नाव घेतल्यानं त्याचं आयुष्य कमी होतं, हे सगळं जुन्या लोकांचं. नाव घेतल्यानं काही होत नसतं.

"झालं जी," ती म्हणाली.

चहा उतू जायला आला होता. तिनं तो उतरवला, गाळला, मला दिला आणि मग सांगितलं.

"मी रोज डबा घेऊन गेटवर जाओ. जुना वॉचमन ओळखे मले, पाह्यलं का आतमधी आवाज दे. त्या दिवशी नवा होता, परमुलखातला. किसका डब्बा, म्हने, नाम बोलो. मी म्हनलं, फिटर. म्हने, फिटर पचास है, नाम बोलो. मांगं लोकाईची लाइन. डबा थंडा होऊन राह्यला. काय करू? घेतलं मी नाव. लगनाले चौदा वर्सं झाली होती बाई, पयल्यांदा घेतलं. घरी आली, भांडे घासून राह्यली होती. दोनचा भोंगा वाजला अन् त्याच्या मांगंच जीप आली दारात."

मी तिला काय काय सांगितलं. हृदय आधीच दुबळं असेल, डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंय, नावाचा आणि हृदयाचा काही संबंध नाही.

"डॉक्टरनं मले बी सांगतलं," ती म्हणाली. "पन त्या दिवशी डबा डॉक्टरनं नाई नेला ना जी."

तिच्या रेघेत मला कंटाळा दिसला होता, मग रूढी दिसली होती. ती रेघ म्हणजे भीती होती, एका बाईनं दीड वर्ष एकटीनं सांभाळलेली. आपण बोललो आणि माणूस गेला. आणि हे ती कुणाला सांगणार? सांगताना पुन्हा ते नाव घ्यावं लागलं असतं.

"उद्यापासून ये," मी म्हटलं. "रेघ चालेल. रेघेला मी पूर्ण मार्क देईन. परीक्षा घ्यायला मी पण बसणार आहे, पिल्लई साहेबांनी मला बोलावलंय. ते नाव तुला कुणी विचारणार नाही, हे माझ्याकडे लागलं."

ती आली. उरलेल्या दिवसांत तिनं एवढी मेहनत केली की कमळा वर्गात मला म्हणाली, "बाई, आई झोपेत बी दिस इज, दॅट इज करून राह्यली."

परीक्षा शुक्रवारी अकराला होती. मी साडेदहालाच स्टोअरमध्ये पोहोचले. लांब टेबलावर सामान मांडून ठेवलं होतं. वेल्डरचा मुखवटा, फिटर लोकांचे पाने, ड्रायव्हरचे बूट, कुणा रामाजीची बॅटरी. त्या त्या सामानावर नावाची पट्टी चिकटवलेली. एकेक वस्तू उचलायची, कुणाची ते सांगायचं आणि पाटीवर लिहून दाखवायचं. बघत बघत मी टेबलाच्या शेवटाला आले आणि थांबले.

तिथे पिवळं हेल्मेट होतं. त्यावर लाल ऑइलपेंटमध्ये इंग्रजीत नाव, गोल अक्षरं, मागे काळी सावली, दोन्ही बाजूंना पडद्यावर काढतात तसं एकेक छोटं फूल. नावापुढे एस. आणि एसच्या आधी टपोरा खडा. श्रावणनं रंगवलेला तो एवढा एकच खडा मी बरोबर जागी पाहिला. स्वतःच्या नावापुढचा.

पिल्लई साहेबांनी फळीवरचं दिसेल ते मांडायला लावलं असणार, असं मी धरलं. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. कुणाला अर्धा मार्क कधी फुकट न दिलेल्या मी इकडेतिकडे बघितलं, हेल्मेट उचललं आणि टेबलाखाली हात पुसायच्या सुताचं पोतं होतं त्याच्यामागे ढकलून दिलं. चोरी मला नवीन होती.

अकराला पिल्लई साहेब आले, अंजनाबाई आली. धुवट लुगडं, केसांना तेल. साहेबांनी पहिली वस्तू दाखवली.

"धिस इज द वेल्डर्स मास्क," अंजनाबाई म्हणाली आणि पाटीवर लिहिलं. खडा आधी, एस मागून.

"दीज आर द फिटर्स स्पॅनर्स." इथे मालक पुष्कळ, खडा एसच्या नंतर. पाने पुष्कळ, पण त्यांच्या नाकात काही नाही. पिल्लई साहेबांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी अगदी निर्विकार तोंड ठेवलं, पण आतून मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

बूट झाले, बॅटरी झाली. एकदाच ती अडली, मग स्वतःशीच "खडा" असं पुटपुटली आणि सुटली. शेवटची वस्तू झाल्यावर साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "व्हेरी गुड. हो गया, बाई."

अंजनाबाई हलली नाही. ती टेबलाच्या शेवटच्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

"सर, वन मोअर," ती म्हणाली.

तिनं टेबलाखाली बघितलं, वाकली आणि पोत्यामागून हेल्मेट काढलं. त्याला सुताचे धागे चिकटले होते, ते पदरानं पुसले. मग माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. "मीच मांडलं होतं जी सकाळी," ती हळूच म्हणाली. "सगळ्याईचं सामान टेबलावर, अन् त्याईचंच तेवढं कसं ठेवाचं नाई?"

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. मी तिच्यावर दया करायला गेले होते आणि त्या दयेच्या नादात तिच्या माणसालाच पोत्यामागे ढकलून आले होते.

तिनं हेल्मेट दोन्ही हातांत धरलं. ओठ हलले, आवाज निघाला नाही. पिल्लई साहेब काही बोलणार होते, मी हात करून त्यांना थांबवलं. बाहेर कुठेतरी ट्रक मागे घेत होते.

"धिस," ती म्हणाली. "धिस इज... श्रावण्स हेल्मेट."

मग पाटी घेऊन तिनं ते लिहिलं. रेघ नव्हती. पूर्ण नाव, खडा, एस. पिल्लई साहेबांना काही कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय एवढं त्यांना समजलं. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले, तिनं पाटी खाली ठेवेपर्यंत उभेच होते. जागा तिला दिल्याचं त्यांनी तिथेच कागदावर लिहिलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, चल, कमळाला सांगू. तर ती स्टोअरसमोरच्या बाकावर बसली. "बाई, दोन वाजेपर्यंत बसान का मायाजवळ?"

तेव्हा बारा वाजले होते. मी शाळेत निरोप पाठवला आणि बसले. मी विचारलं, आता कशाची भीती? ज्याचं नाव तो तर गेला. तर म्हणाली, "कमळी आहे ना जी. मायं तोंडच तसं असन तं?" मी कमळा वर्गात सुखरूप आहे म्हणून सांगितलं. तिनं मान हलवली, पण नजर गेटकडे. जीप दिसली की तिची बोटं माझ्या मनगटावर आवळायची. एक जीप आली, सरळ पुढे गेली. दुसरी आली, तिच्यातून कुणीतरी टायर उतरवला.

दोनचा भोंगा वाजला. माझंच मनगट दुखायला लागलं. पाळी सुटली, माणसं डबे हलवत, सायकली ढकलत बाहेर पडली, कुणी अंजनाबाईला ओळखून मान हलवली. गर्दी ओसरली. मग शाळेतून सुट्टी मागून कमळा धावत आली, दप्तर पाठीवर आपटत, लांबूनच ओरडत, "आई, काय झालं? पास का?"

अंजनाबाईनं माझा हात सोडला. चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि रडली. दीड वर्षाचं एकदम. मी पाठीवर हात ठेवला. कमळा घाबरून उभी राहिली, तिला वाटलं आई नापास झाली.

"नाव घेतलं जी मी," ती पदरात तोंड खुपसून म्हणाली, "अन् काईच नाई झालं. म्हंजे त्या दिवशी बी... त्या दिवशी बी मायामुळं नाई झालं."

"नाही झालं," मी म्हटलं. "तुझ्यामुळे नाही झालं."

तिनं डोळे पुसले, कमळाला जवळ ओढलं. मग ते नाव आणखी एकदा घेतलं, मराठीत, नुसतंच, मागे काही न लावता. गेटपाशी डबा घेऊन उभी राहिलेली बाई आत हाक मारते, तसं.

"श्रावण."